शिवेवरची जाळी

सुनेनं फ्रिजमध्ये दह्याच्या गंजाशेजारी नालीच्या पाण्याची बाटली ठेवली, तेव्हापासून इंदूबाई गायधनेंच्या तोंडाची दह्याची चवच गेली. बाटलीला बूच होतं, वरून पिशवी गुंडाळलेली होती, सगळं खरं. पण आत जे होतं ते होतंच. काळं, बुडाशी गाळ बसलेलं, वर बारीक फेस. चिंचेचं सार असेल म्हणून इंदूबाईंनी ती उचलून उजेडात धरली, आणि ओळखल्याबरोबर चिमटीत धरून अंगणात नेऊन ठेवली. दही गाईपुढे गेलं. फ्रिज अंगणात उन्हात निघाला आणि फिनाईलनं पुसून पुसून त्याचा रंग जायची वेळ आली.

"तपासणीचं पाणी आहे आई, थंड ठेवावं लागतं," मयुरा म्हणाली. "सकाळी लॅबमध्ये नेणार होते."

"मंग लॅबमधीच ठेवायचं. नाहीतर तुह्या बापाच्या फ्रिजमधी ठेव. माह्या घरात गावाचा मूत थंडा होत नाही."

मयुरा नागपूरच्या महाल भागातली पोरगी. इंजिनिअर झालेली, आणि कामाला अशा कंपनीत की जिथं गावाचं सांडपाणी कुठून गोळा करायचं, कुठं न्यायचं, कसं साफ करायचं याचे नकाशे काढतात. लग्न ठरवताना तिच्या बापानं नुसतं "पाण्याचं काम आहे" एवढंच सांगितलं. इंदूबाईंनी साऱ्या सोयऱ्यांत मिरवलं, सून पाण्याच्या खात्यात आहे म्हणून. पाणी कोणतं, हे लग्नाच्या पंक्ती उठून गेल्यावर कळलं. कोणी फारच खोदून विचारलं तर इंदूबाई अजूनही "नळाचं पाहते" म्हणून विषय बदलत.

आणि मग ते काम बोरडोहातच येऊन बसलं.

बोरडोह म्हणजे खापरखेड्याच्या पलीकडचं, कन्हानच्या उतरणीवरचं गाव. आता नदीची बाजू सोडली तर प्लॉट पाडलेल्या लेआऊटांनी वेढलेलं. घर तिथं संडास झाला, संडास तिथं टाकी झाली, टाकी भरली की ती रस्त्याकडेच्या उघड्या नालीत सोडून द्यायची. जो तो आपल्या दारापुढची घाण खराट्यानं पुढच्याच्या दारापुढे लोटायचा. अशी लोटत लोटत ती शेवटी इंदूबाईंच्या दारी यायची, कारण खालच्या गल्लीत त्यांचं घर शेवटचं. त्यापुढे पडीक जागा, मग नदी. इंदूबाई दिवसातून दोनदा ती नाली ढकलायच्या, नाकाला पदर लावून, वरच्या गल्लीतल्या एकेकाचा उद्धार करत. त्यांच्या अंगणात मात्र कोणी भात सांडला तर वेचून खाता यावा, असं अंगण.

नकाशा मयुरानंच काढला होता. गल्लीखालून पाईप टाकायचा, सगळ्यांचं संडास-न्हाणीचं, भांड्यांचं पाणी त्यात घ्यायचं आणि उतारानं पडीक जागेत न्यायचं. तिथं आधी एक खड्डा, खड्ड्यात तिरकी लोखंडी जाळी, म्हणजे चिंध्या-प्लास्टिक तिथंच अडेल. पुढच्या हौदांत हवा सोडून पाणी साफ करायचं आणि मग शेताला द्यायचं. ग्रामसभेत तिनं हे सगळं समजावून सांगितलं. इंदूबाईंनी त्यातलं एकच ऐकलं.

"म्हणजे साऱ्या गावाचं माह्या दारावरून जाणार?"

"दाराखालून, आई. आता उघड्यावरून जातंच आहे की."

"आता जाते ते मले दिसते. दिसते म्हणून शिव्या तरी देता येतात. ते गोविंदाच्या घरामागून ने."

"तिकडे चढ आहे. पाणी चढत नाही."

"ओलिताले चढते मोटर लावली की. घाणीचे काय पाय दुखतात?"

सभेत हसू फुटलं. शेजारचा गोविंदा तर मांडीवर थाप मारून हसला. मयुराच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "मोटर बंद पडली तर तेच फिरून तुमच्या न्हाणीत येईल," ती म्हणाली.

इंदूबाईंनी तिथंच पकडलं. "म्हणजे येऊ शकते! ऐका वं बायांनो. मयुरा, आता सगळ्यांसमोर बोल. दुसऱ्याच्या घाणीचा एक थेंब जरी माह्या घरात आला, तर सोडशील हे काम? शाळेत मास्तरीण होशील?"

दुर्गेशनं, म्हणजे इंदूबाईंच्या पोरानं, मागून बायकोला खुणावलं की गप राहा. पण ती गप राहणाऱ्यातली नव्हती.

"सोडीन," मयुरा म्हणाली. "दुसऱ्या दिवशी राजीनामा देईन."

"ऐकलं गा गोविंदा?"

"ऐकलं काकू. पक्कं झालं."

रात्री दुर्गेश आईला म्हणाला, "तिले किती हौस आहे या कामाची, माहीत आहे ना तुले? काहून असं बांधून घेतलं?" इंदूबाई म्हणाल्या, हौस करायला दुनियेत फुलं नाहीत का.

पाईप पडला. घरं जोडली गेली. पोळ्याच्या आधीच उघडी नाली कोरडी पडली आणि इंदूबाईंचा खराटा भिंतीला टेकून राहिला. माश्या कमी झाल्या, वासही गेला. इंदूबाईंना ते कबूल करायचं नव्हतं, म्हणून त्या रोज न्हाणीच्या जाळीवर वाकून हुंगून यायच्या. काही सापडलं नाही की जास्तच चिडायच्या.

पोळा झाला. त्या दिवशी रिवाजाप्रमाणे घरोघर दारात पळसाच्या फांद्यांचे मेढे उभे राहिले, पानांसकट, हातभर उंच. दुसऱ्या दिवशी करीला ते मेढे उचलायचे, त्यांना घरातला तुटका झाडू, फाटकं पोतेरं, कपड्याच्या चिंध्या असं काय काय बांधायचं, आणि उजाडताच गावाच्या शिवेवर नेऊन आरोळी ठोकून फेकायचं. घरातली इडा पिडा, रोगराई मारबत नावाची राक्षसीण घेऊन जाते. फेकल्यावर मागं वळून पाहायचं नाही.

बोरडोहाची शीव म्हणजे तीच पडीक जागा. तिथं आता तारेचं कुंपण आलं होतं, पण फाटक सताड उघडं. राखण करणारा माणूस पोराचा लाकडी बैल सजवायला घरी गेलेला. आणि जिथं पिढ्यान्‌पिढ्या मेढे पडायचे, नेमका तिथंच जाळीचा खड्डा, उघडा, खाली काळं पाणी वाहणारा. लोक क्षणभर थबकले. मग गोविंदाच म्हणाला, "बरं झालं. एवढ्या खोलातून रोगराई वापस येत नाही." आणि त्यानं आपला मेढा आत भिरकावला.

"डेंगू घेऊन जा गे मारबत!"

"लाईटबिल घेऊन जा गे मारबत!" शोभाताई ओरडली. ती वरच्या गल्लीतली.

धपाधप मेढे पडले. इंदूबाईंनी आपल्या मेढ्याला भिंतीशी टेकलेला तो खराटाच बांधून आणला होता. त्यांनी पदर खोचला, सगळ्यांवर नजर फिरवली आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "सुनेची नोकरी घेऊन जा गे मारबत!"

असा हशा झाला की बगळे उडाले. मयुरा तिथं नव्हती. महालात मारबतीची मिरवणूक पाहायला माहेरी गेली होती. असती तरी इंदूबाईंनी हेच म्हटलं असतं, तोंडावर.

दुपार झाली. सणाची सुट्टी, सगळे घरी. पुरणाची पातेली घासणं, अंघोळी, कपडे, सगळ्या गावाचे नळ एकदमच सुटलेले. इंदूबाई जेवायला बसणार तोच न्हाणीतून आवाज आला, म्हातारा माणूस गुळण्या करतो तसा. गुळगुळ. गुळगुळ. त्या उठून गेल्या.

न्हाणीच्या जाळीतून ते वर येत होतं. आधी राखाडी, मग काळपट, मग पिवळं. उडी मारून नव्हे, सावकाश, पाहुणा आल्यासारखं. त्यावर पुरणाचा चोथा तरंगत होता. केसांचा गुंतवळा होता. कोणाच्या तरी पोराचं जे असतं ते होतं, आणि ते सरकत सरकत इंदूबाईंच्या तांब्याच्या घंगाळाला येऊन लागलं. वास असा की डोळ्यांत पाणी यावं. इंदूबाईंनी दाराला पोतं लावलं, त्या पोत्याखालून ते स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी आलं. ज्या घरात त्यांनी पाहुण्याला ओल्या पायानं येऊ दिलं नव्हतं, त्या घरात सारं गाव पाय न धुता शिरलं होतं.

अंगणात येऊन त्या भडाभडा ओकल्या. मग मयुराला फोन लावला.

"ये," त्या म्हणाल्या. "तुही शपथ माह्या घरात वाहत आली. पाहून जाय."

मयुरा स्कूटीवर आली ती घरात शिरलीच नाही. उंबऱ्यातून एकदा पाहिलं, तोंडावरचा रंग उडाला, आणि सरळ कुंपणाकडे निघाली. मागून इंदूबाई, नाकाला पदर. त्यांच्या मागं गोविंदा, शोभाताई आणि तमाशा पाहायला अर्धी गल्ली.

खड्डा काठोकाठ भरला होता. पळसाची पानं जाळीवर थापून बसली होती, फांद्या एकमेकींत अडकल्या होत्या, त्यात पोतेरी, त्यात चिंध्या, आणि मधून मधून फुगा येऊन फुटत होता. प्रत्येक फुग्यासरशी लोक एक पाऊल मागं सरत होते. मयुरानं बूट चढवले, लांब दांड्याचा लोखंडी पंजा घेतला आणि ओढू लागली. एक फांदी निघायची, दोन रुतायच्या.

गोविंदा म्हणाला, "असं नाही निघत वहिनी. एखाद्याले बोलावू. अर्धी बाटली पाजली की उतरते आत."

"इथं माणूस उतरणार नाही." मयुरानं मान वर केली नाही. "जाळी तिरकी ठेवली ती वरूनच ओढता यावं म्हणून. आत श्वास घेतला की माणूस वर येत नाही."

"तुम्ही कायले एवढा जीव टाकता मंग? उद्या तर राजीनामाच आहे. शब्द दिला होता तुम्ही."

"देईन. आधी हे निघू द्या."

असं म्हणून ती बाजूला वळली, वाकली, ओकली, बाहीनं तोंड पुसलं आणि परत पंजा धरला. लोक हसले. गोविंदा सगळ्यांत मोठ्यानं.

इंदूबाई जिंकल्या होत्या. आता घरी जाऊन सांगता आलं असतं, सून शाळेत शिकवते म्हणून. पण त्या हसण्यानं त्यांच्या टाळूला आग लागली. पोट्टी घाणीत उभी आहे, अन् ज्यांनी घाण केली ते दात काढून राहिले. आणि त्यांत आपणही.

"गोविंदा," त्या म्हणाल्या, "तुहा मेढा कुठं आहे गा?"

गोविंदानं खड्ड्याकडे पाहिलं.

"आतच आहे ना? पहिला तूच टाकला, सगळ्यात खाली तुहाच आहे. शोभे, तुहं लाईटबिल बी आतच. अन् माहा खराटा बी." त्यांचा आवाज चढला. "माह्या न्हाणीत जे आलं, ते माह्या हातानंच आलं. म्या बूच मारलं तोंडाले, मंग ते जाईन कुठं? चाला, पुढे व्हा. ज्यानं त्यानं आपापलं ओढा. नाहीतर हेच पाणी बादलीनं भरून दारोदार टाकतो. नाव इंदू आहे माहं."

त्या टाकणार, याबद्दल गावात कोणाला शंका नव्हती. कोणी बांबू आणला, कोणी आकडी. गोविंदा नाक दाबून ओढू लागला. इंदूबाईंनी मयुराच्या मागून पंज्याचा दांडा धरला. लोखंड हातात आल्यावर त्यावरचा बुळबुळीतपणा तळव्यांना जाणवला आणि अंगावर काटा आला, तरी सोडला नाही.

"आई, तोंड बंद ठेवा. उडेल."

"मले शिकवू—"

तेवढ्यात मोठी फांदी सुटली. खड्ड्यानं ढेकर दिल्यासारखा आवाज केला, पाणी गपकन खाली बसलं, आणि एक शिंतोडा इंदूबाईंच्या खालच्या ओठावर पडला.

त्या किती तरी वेळ थुंकत होत्या. कोणीतरी पाणी दिलं, त्यांनी चूळ भरली, परत थुंकल्या, परत भरली. शोभाताईनं त्यांना धरलं होतं.

"मंग काकू," गोविंदा हळूच म्हणाला, "राजीनाम्याचं?"

"शब्द तिनं मले दिला होता, तुले नाही. म्या सोडला. तू आपली फांदी ओढ." मग त्या सुनेकडे वळल्या. "अन् तुले बी अक्कल नाही. शिवेवर खड्डा खणायच्या आधी विचारलं काहून नाही कोणाले, की बापा, इथं काय टाकतात?"

"उतार पाहिला, माती पाहिली. सगळ्यात खोल जागा हीच होती." मयुरा पंजा जमिनीवर टेकवत म्हणाली. "हे विचारायचं सुचलंच नाही. खड्डा उघडा ठेवला ती माझीच चूक."

"विचारलं असतं तर सांगितलं असतं. शिव्या देऊन सांगितलं असतं, पण सांगितलं असतं."

"मग आता सांगा. पुढच्या वर्षी मेढे कुठं टाकायचे?"

इंदूबाईंनी चौफेर पाहिलं. खाली नदी, एकीकडे लेआऊटचे फलक, दुसरीकडे नवी घरं, त्यापलीकडे आणखी फलक. गावाच्या बाहेर म्हणावं अशी जागाच उरली नव्हती. शेवटी त्यांनी कुंपणाच्या आतल्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं. "तिथं ओटा बांध. सुकले की जाळून टाकतील. अन् या खड्ड्याले झाकण लाव, कुलूप लाव. नकाशात काढ ते बी."

"काढते."

"तशीच नको काढू. आधी हात धू. अन् उद्या कामावर जायच्या आधी न्हाणी दोघींनी धुवायची आहे. मी एकटी नाही त्यात पाय घालत."

एवढं बोलून त्या घराकडे निघाल्या. पायातल्या चपला फाटकातच काढून ठेवल्या. त्या चपला आता घरात येणार नव्हत्या.