मौनातला होकार

"चातुर्मासात पानावर बसलीस की शब्द काढायचा नाही. घर पेटलं तरी हात धुऊनच ओरडायचं." सासूबाईंनी लग्नानंतर सांगितलेलं मी टोकियोत, निशी-कसाईतल्या सातव्या मजल्यावरही पाळते. त्यांची नात माझ्या घासावर टपून बसेल हे त्यांना तरी कुठे ठाऊक होतं!

केतकी सहावीत. शाळेत अमेरिकेच्या सुरुवातीच्या इतिहासातली दुर्लक्षित गोष्ट शोधायला सांगितली होती. जपानमध्ये आलेली १८५३ची अमेरिकन जहाजं सगळ्यांना माहीत. हिनं शोधून काढलं, की १७९१ सालीच दोन जहाजं कुशिमोतोजवळच्या बेटाला लागली होती. कातडी विकायला. कुणी घेतली नाहीत, बिचारी निघून गेली. वर्गात कुणाचा विश्वास बसेना.

मंगळवारी मी वरणभात जेवत होते, तर ही समोर. "आई, शनिवारी कुशिमोतोला जायचं? तिथे त्या जहाजांचं म्युझियम आहे. फोटो आणते म्हणून वर्गात सांगू?"

मी डोळे वटारले, डावा हात जोरजोरात हलवला.

"यात्ता!" जपानीत हुर्रे करत ती उडालीच. "बाबा, आई नाही म्हणाली नाही!"

अंबरीषनं लॅपटॉपमधून मानही काढली नाही. "मग झालं तर. मी नेतो."

मी हात धुऊन येईपर्यंत मैत्रिणीला फोन झालेला.

शुक्रवारी अंबरीषसाहेब म्हणतात, "सॉफ्टवेअरचा रिलीज उद्यावर गेला गं. बॉस तानाका-सान सोडणार नाहीत. नेटवरचा फोटो घे ना, बाळा."

"सगळे मला खोटारडी म्हणतील! आईनं प्रॉमिस केलंय."

"मी कधी केलं?"

"गप्प राहिलीस ना!"

"ज्योत्स्ना, तो नेमच सोड बाई तू," अंबरीष म्हणाला. "त्याच्यामुळे होतं हे."

"नेतो कोण म्हणालं होतं?" मी विचारलं. माझा आवाज चढत नाही, म्हणून तर ऐकूही जात नाही कुणाला. तो फोन घेऊन गॅलरीत गेला. केतकी न जेवता झोपली.

कुशिमोतो म्हणजे नागोयापर्यंत शिंकान्सेन, ती बुलेट ट्रेन, पुढे दोन गाड्या, मग बस, वर एक मुक्काम. एकटी मी शेजारच्या फुनाबोरीच्या पलीकडे गेले नव्हते.

शनिवारी पहाटे पूजा उरकली, दशम्या बांधल्या आणि तिला हलवलं. "ऊठ. कॅमेरा घे."

"बाबा येतायत?"

"नाही."

"तुला जपानी कुठे येतं?"

"तुला येतं ना? चल."

अंबरीष घोरत होता. दार हळूच ओढून घेतलं आणि आम्ही स्टेशनकडे निघालो.