कोरा तंतू

"बोला जागेश्वरजी, कोरं की विंचरलेलं?"

कस्टमच्या वेदिका मॅडमनी विचारलं तेव्हा जागेश्वरचा उजवा हात तंतूच्या गाठीत कोपरापर्यंत शिरला होता. डेपोच्या शेडखाली कंटेनरचं दार सताड उघडं होतं. पट्टी कापल्याबरोबर गाठ फुगून बाहेर आली होती, पांढरीफेक, दुधावर साय धरावी तशी. हात आत होता आणि हात मुका होता.

अठ्ठावीस वर्षं त्यानं हेच काम केलं. कस्टम एजंटच्या ऑफिसातला साधा कारकून. परदेशातून आलेल्या प्रत्येक मालाला सरकारी पुस्तकात एक आकडा असतो. आकडा चुकला की माल अडकतो. कारखान्यातून कापून आलेला, पिंजण-विंचरण न झालेला कृत्रिम तंतू म्हणजे पंचावन्न-शून्य-तीन. तोच विंचरून, सरळ करून, कातायला तयार केला की पंचावन्न-शून्य-सहा. हा माल मागवणाऱ्या हिंगण्याच्या कंपनीच्या परवान्यावर पहिला आकडा होता. दुसरा निघाला तर कंटेनर उन्हात उभा आणि कारखाना बंद.

जागेश्वर कोष्ट्याचा मुलगा. बोटांच्या चिमटीत तंतू धरला की त्याला आकडा कळायचा. साहेब बदलले, मालक म्हातारा होऊन घरी बसला, पण "जागेश्वरचं बोट लागलं" हे वाक्य डेपोत तसंच राहिलं. दोन वर्षांपासून मात्र शुगरनं बोटांची टोकं कुरतडत नेली होती. चहाच्या ग्लासानं फोड आला तेव्हा तो त्याला दिसला, कळला नाही. त्यानं कोणाला सांगितलं नव्हतं. डोळ्यांनी निभावत होता. पण ह्या गाठीत काही पुंजके गुंतलेले होते, काही भांग पाडल्यासारखे सरळ, आणि डोळे दोन्हीकडून साक्ष देत होते.

"उद्या लिहून देतो, मॅडम."

"द्या. तुमचं बोट लागलं की मी लॅबची वाट बघत नाही." मॅडमनी मूठभर तंतू खाकी पाकिटात घातला. सील करायची लाख संपली होती. "खरं तर हे असं तुमच्या हाती द्यायला नको. पण तुम्ही आहात म्हणून देते. सकाळी अकराला आणा, तुमच्यासमोर सील करू."

मालकाचा मुलगा चेतन बाजूला मोबाईल पाहत उभा होता. "काका, पक्कं करजा बरं. कंपनीवाले सुबे से डोकं खाऊन राहिले."

तांडापेठेतल्या घरात, जिथे पूर्वी हातमाग होता तिथे आता फ्रिज होता, आणि फ्रिजला टेकून रुख्माबाई बसायची. जागेश्वरची आई. ब्याऐंशी वर्षांची. डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला, पण बोटं अजून शाबूत. जागेश्वरची बायको गेल्याला सहा वर्षं झाली होती. घरात ही दोघंच.

"आई, हे पाहून सांग बरं."

रुख्माबाईनं पुंजका घेतला. चिमटीत फिरवला, ओठाला लावला, हळूच ताणला. तिच्या बोटांकडे तो असा पाहत होता, जसा उपाशी माणूस दुसऱ्याच्या ताटाकडे पाहतो.

"कोरं हाये. याले अजून कोणाचा हात नाही लागला."

"कुठं कुठं सरळ दिसते ना वं?"

"दाबानं निजलं हाये ते. विंचरलेलं सुटं येते. हे पाह्य, कसं एकमेकाले धरून हाये. पोरकी लेकरं धरतात तसं." मग पापण्या उचलून तिनं विचारलं, "कोणाले दाखवाचं हाये गा?"

"मोठ्या मॅडमले."

"बाईमाणूस हाये?"

"हो."

म्हातारीला ते आवडलं. जागेश्वरनं त्याच संध्याकाळी कागद लिहिला: 'तंतू कोरा. कोणतीही प्रक्रिया नाही.' खाली सही केली. त्या दिवशी त्याला भूकही चांगली लागली.

सकाळी तो आंघोळीला गेला आणि रुख्माबाई पाकीट घेऊन दारातल्या कोवळ्या उन्हात बसली. तिच्या माहेरी, उमरेडला, चरखा होता. आई पेळू करायची, लेक पेळू करायची. पिंजलेला कापूस हातानं सारखा करून वळलेली ती बोटभर मऊ वळी. त्या घरातून कोरा, गुंतलेला कापूस कधी परक्याच्या दारात गेला नाही. सोयऱ्यांसमोर पोरीला पिंजारल्या केसांनी कोणी बसवत नाही, तसंच ते. तिनं केसांतली फणी काढली. तंतू मांडीवर घेतला आणि स्वतःशीच गुणगुणत विंचरू लागली.

*फणी फिरे केसांमंदी, धोटा फिरे मागामंदी,*
*माह्या लेकाचं गं नाव, सरकारी कागदामंदी.*

वळी झाली. तिनं ती पाकिटात घातली, पाकिटाचं तोंड दुमडलं, आणि जिथलं पाकीट तिथे ठेवून दिलं.

जागेश्वरनं डबा घेतला, पाकीट घेतलं. पूर्वीची बोटं असती तर पाकिटाच्या कागदावरूनच त्याला कळलं असतं, आत काल पुंजका होता, आज वळी आहे. बोटांनी काही सांगितलं नाही. तो निघाला.

डेपोत टेबल मांडलं होतं. मेणबत्ती, लाख, पितळी शिक्का. चेतन होता, दोन हमाल होते. मॅडमनी आधी त्याचा कागद वाचला, मान हलवली, आणि पाकीट टेबलावर उपडं केलं.

सुबक, तुळतुळीत पेळू बाहेर घरंगळला. त्यातून एक लांब पांढरा केस लोंबत होता.

"हे काय आहे?"

चेतनला हसू फुटलं. "काका, फायबरची वेणी घालून आणली काय? गजरा राहिला!" हमाल तोंड फिरवून हसले.

जागेश्वर केसाकडे पाहत होता. तो केस त्यानं लहानपणी काळा पाहिला होता. सांगायला एक वाक्य पुरेसं होतं. पण मग ती चौकशीत आली असती. कोण बाई, कुठली, सरकारी नमुन्याला हात का लावला. तिला रिक्षात घालून ह्याच टेबलासमोर बसवलं असतं आणि ती म्हणाली असती, चांगलं नाही झालं का?

"मीच केलं, मॅडम."

"तुम्ही?" मॅडमचा आवाज खाली गेला. रागापेक्षा ते वाईट होतं. "मी तुमच्या भरवशावर बिनसीलचं दिलं. कोरं लिहिता आणि विंचरलेलं आणता? जागेश्वरजी, तुम्हाला फरक तरी कळतो का?"

"कळते, मॅडम."

"मग डोळे मिटा."

त्यानं मिटले. त्याच्या चिमटीत काहीतरी आलं असावं. "हे?"

"कोरं."

"बरोबर. आणि हे?"

त्यानं अंगठा फिरवला. सगळीकडे एकच कापूसभरला अंधार. "हेही कोरं."

"हे तुमच्याच पेळूतलं आहे."

मग चेतनचा आवाज अगदी जवळून आला. मऊ, लाडीगोडीचा. "काका, बस एक लास्ट. घाई नका करू. हे सांगा."

जागेश्वरनं चिमूट घट्ट केली. अंगठा हळूहळू तर्जनीवरून फिरवला, बाप फिरवायचा तसा, आजा फिरवायचा तसा. कपाळाला घाम आला. अठ्ठावीस वर्षं त्या चिमटीत गोळा करून तो म्हणाला,

"हे विंचरलेलं हाये."

ह्या वेळी कोणी हसलं नाही. हमालसुद्धा नाही. त्यानं डोळे उघडले. चेतनचे दोन्ही हात खिशात होते. जागेश्वरच्या चिमटीत काही नव्हतं.

"कार्ड द्या," मॅडम त्याच्याकडे न पाहता म्हणाल्या. गळ्यातलं डेपोत शिरायचं कार्ड काढताना दोरी चष्म्यात अडकली. ती चेतननं सोडवली.

गाठीतून नवा नमुना काढून सील झाला, लॅबला गेला. आठवड्यानं उत्तर आलं: तंतू कोरा, कोणतीही प्रक्रिया नाही. पंचावन्न-शून्य-तीन. जागेश्वरनं लिहिलं होतं तेच, जवळपास त्याच शब्दांत. माल सुटला. चेतननं फोन केला. "काका, तुमचंच बरोबर निघालं, मानलं! पन येऊ नका आता. पोरगा ठेवला दुसरा."

पण ते आठवड्यानं. त्या दिवशी तो घरी आला तेव्हा रुख्माबाई दाराकडे तोंड करूनच बसली होती.

"पसंत पडलं का गा मॅडमले?"

पायातली चप्पल काढायला त्याला फार वेळ लागला.

"पडलं. म्हणे, एवढं सुबक कोणाच्या हातचं हाये?"

म्हातारी हसली. दात नसलेल्या तोंडानं, लहान पोरीसारखी. "मंग आणत जा. माह्ये हात रिकामेच हायेत."

दुसऱ्या दिवशीही तो डबा घेऊन नऊला निघाला. तिसऱ्याही. इतवारीच्या गल्ल्यांतून फिरायचा, हातगाड्यांना वाट द्यायचा, कुठल्याशा बंद दुकानाच्या पायरीवर डबा खायचा आणि पाचला परत यायचा. रोज ती विचारायची, "नाही आणलं?" आणि रोज तो म्हणायचा, "माल नाही आला वं."

चेतनचा फोन येऊन गेला, त्याच्या दुसऱ्या सकाळी जागेश्वरनं पेटीतून एक उशी काढली. बायकोची. शेवटच्या आजारपणात तिच्यासाठी आणलेली, फायबरची. कोपऱ्याची शिवण उसवून त्यानं मूठभर पांढरं काढलं, खाकी पाकिटात घातलं, आणि दारातल्या उन्हात बसलेल्या आईच्या हाती दिलं.

"घे. नवा माल आला."

रुख्माबाईनं पुंजका चिमटीत घेतला. फिरवला. ओठाला लावला. तिची बोटं थांबली.

"हे कोरं नाही गा, जागू." पुंजका परत ओठाला लावून ती म्हणाली, "याच्यावर कोणी निजलं हाये."

गल्लीतून भाजीवाला ओरडत गेला. जागेश्वर उंबऱ्यात उभाच होता. म्हातारीनं मोतीबिंदूचे डोळे त्याच्या दिशेनं केले, मग खाली घेतले. केसांतली फणी काढली आणि विंचरू लागली. त्या दिवसाहून कितीतरी हळू, दुखऱ्या डोक्याला विंचरावं तशी. गाणं म्हटलं नाही.

वळी झाली. तिनं ती पाकिटात घातली, तोंड दुमडलं आणि पाकीट त्याच्यापुढे धरलं.

"जा," ती म्हणाली, "हापिसाले उशीर होऊन राहिला तुले."

त्यानं डबा उचलला, पाकीट घेतलं, आणि तो गेला.