द्वेषाचं कार्ड

दुपारचं जेवण झालं की शब्दकोशाची कचेरी पेंगायला लागायची. पंखा संथ फिरायचा, पडद्यातून आलेलं पिवळं ऊन टेबलांवरून सरकत जायचं आणि ट्रेमधली कार्डं झोपेत कूस बदलल्यासारखी हलायची. अशा वेळी धाकटीच्या पुढ्यात आला तो दुसऱ्याचं वाईट चिंतणाऱ्या शब्दांचा गठ्ठा. 'धाकटी' हे घरचं नाव कचेरीतही तिला चिकटलं होतं.

या कोशाचा एक भलताच हट्ट होता. प्रत्येक शब्दाखालचं उदाहरण लिहिणाऱ्याच्या स्वतःच्या आयुष्यातलं हवं, अगदी खरं. ते समोर बसलेल्या काकांना वाचून दाखवायचं. काका सगळ्यांत जुने संपादक. ते "पटलं" म्हणाले तरच कार्ड ड्रॉवरमध्ये जायचं.

आज मात्र धाकटीचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. सकाळी थोरल्या बहिणीचा निरोप आला होता, तब्बल सात वर्षांनी: पाच वाजता तुझ्याकडे येऊ का? उत्तर द्यायचं राहून गेलं होतं. राहून कसलं, ती मुद्दाम देत नव्हती.

"हेवा," तिने वाचलं. "ताईच्या गोड गळ्याचा मला हेवा वाटायचा."

"पटलं."

"मत्सर. आई तिचं कौतुक करायला लागली की मत्सराने माझ्या घशाखाली घास उतरायचा नाही."

"पटलं. पुढे?"

"आकस. ताईने सुचवलेलं स्थळ मी निव्वळ आकसापोटी नाकारलं."

काकांनी चष्म्यावरून पाहिलं. "चांगलं होतं का गं?"

"फार चांगलं होतं."

"पटलं."

"डूख. बाबांच्या शेवटच्या आजारपणात ताई फिरकली नाही, तेव्हापासून मी तिच्यावर डूख धरून आहे."

काकांनी नुसती मान डोलावली. राहिलं द्वेषाचं कार्ड.

"मी ताईचा द्वेष करते," तिने ठासून वाचलं.

"नाही पटलं."

"अहो काका, सात वर्षं तोंड पाहिलेलं नाही मी तिचं!"

"तो अबोला झाला. तिचं वाटोळं व्हावं असं मनापासून वाटतं का? डोळे मिटून बघ."

धाकटीने इरेला पेटून डोळे मिटले. जेवण अंगावर आलं होतं, पंखा गुणगुणत होता. ताई एक उंच जिना उतरत होती, थकलेली, हातात पिशवी. पड, धाकटी म्हणाली, पड एकदाची. जिना लांबतच गेला, पायऱ्या मऊ मऊ झाल्या, ताईचा पाय घसरला आणि धाकटी अनवाणी धावत सुटली. तिने ताईला घट्ट धरलं. ताई अगदीच हलकी लागली.

खुर्ची करकरली तशी तिला जाग आली. तिचे दोन्ही हात पुढे पसरलेले होते. काका हसले नाहीत.

"हे कार्ड दुसऱ्या कुणाला तरी द्या," ती म्हणाली. "माझ्याकडे नाही."

साडेचार वाजले होते. तिने व्हरांड्यात जाऊन ताईला फोन लावला.

"ये," ती म्हणाली. "पण आधीच सांगते, तू बाबांना बघायला आली नाहीस, तो डूख अजून आहे."

"तू मला कळवलंच नव्हतंस गं," ताई म्हणाली. "बाबा गेल्याचं तिसऱ्या दिवशी कळलं मला, तेही परक्याकडून. तरी येऊ?"

धाकटी कठडा धरून उभी राहिली. आपण कळवलं नव्हतं, हे तिला पहिल्यापासून माहीत होतं.

"ये," ती म्हणाली. "लवकर ये."