दोन लाल रेघा

अपघातानंतर हळू चाललेली शर्यत पुन्हा सुटते, तेव्हा सगळ्यांत पुढच्या गाडीने भिंतीवरच्या दोन लाल रेघांमध्येच वेग घ्यायचा. हा नियम कुठल्या शहाण्याने काढला, देव जाणे. गेल्या शनिवारी माझा भाऊ लायल पहिल्या रेघेआधीच सुटला, म्हणून पंचांनी त्याला सगळ्यांच्या मागे पाठवलं होतं.

"ताई, आज तू 'हिरवा' म्हणालीस की मगच अ‍ॅक्सिलरेटर दाबणार," तो रेडिओवर म्हणाला. "चुकलीस तर रविवारचं चिकन तुझ्याकडून."

गाडीतून त्याला रेघा नीट दिसत नाहीत, म्हणून मी प्रेक्षकांच्या स्टँडच्या छपरावरून बघत होते. आजही एका अपघातानंतर गाड्या हळू चालल्या होत्या; पुढे तोच, मागे बावीस गाड्या. शेजारी पंच वही घेऊन उभा. पहिली रेघ आली. नक्की ओलांडली ना? अजून जरा जाऊ दे, म्हणून मी शब्द गिळला.

लायल सुटणारच, असं धरून मागच्यांनी गाड्या पळवल्या होत्या. तीन गाड्या त्याच्यावर आदळल्या आणि तो भिंतीत घुसला.

"रेघेआधी सुटला नाही. दंड नाही," पंच वहीत लिहीत म्हणाला.

रेडिओ खरखरला. मग लायलचा आवाज आला, झोपेतल्यासारखा.

"ताई, निघू का आता?"