जुने पार्ट परत मिळतील

चेकरचा कुणावर म्हणून विश्वास नव्हता, आणि खरं सांगायचं तर त्यावरच त्याचं पोट चालत होतं. औषधाच्या कारखान्यात सरकत्या पट्ट्याच्या शेवटच्या टोकाला तो बसायचा आणि गोळ्यांच्या पाकिटात एखादं घर रिकामं राहिलंय का ते बघायचा. कामावर, गल्लीत, सासुरवाडीत सगळे त्याला चेकरच म्हणत. बायको तर सांगायची, "मी लग्नाला होकार दिला, तर हे आणखी दोनदा विचारायला आले. नक्की ना, म्हणून."

अशा माणसाच्या मोटरसायकलचं मागचं चाक एके दिवशी भर वळणावर लचकलं आणि मागे बसलेली त्याची लेक रस्त्यावर पडली. हनुवटीला टाके घालावे लागले. गाडी आदल्याच दिवशी सर्व्हिसिंगहून आली होती. मेकॅनिकने चाकाचा नट नुसता हाताने फिरवून ठेवला होता, पाना लावलाच नव्हता. लेक दवाखान्यात रडली नाही. एवढंच म्हणाली, "बाबा, आता मी पायी जाऊ का शाळेत?"

चेकरच्या काळजात चर्र झालं. पोरगी आपल्यामागे बसायला भ्याली, यापेक्षा वाईट बापाला काय ऐकायला मिळणार? त्याने कानाला खडा लावला. गाडी द्यायची तर खात्रीच्या माणसाकडे, नाहीतर ढकलत न्यायची.

आणि सुरू झाली शोधाशोध. एका गॅरेजात त्याने ऑइलच्या बोल्टवर बायकोच्या नेलपॉलिशचा ठिपका दिला, म्हणजे बोल्ट उघडला तर तो तुटणार. गाडी परत आली तर ठिपका जसाच्या तसा, आणि मेकॅनिक म्हणतो, "नवं ऑइल टाकलंय साहेब, आवाज बघा कसा मऊ झालाय." दुसऱ्याने चांगली बॅटरी काढून मेलेली बसवली. तिसरा बिचारा प्रामाणिक होता, पण त्याला काम येत नव्हतं. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो म्हणतात, हा तर पाणीसुद्धा फुंकायला लागला.

शेवटी कारखान्याच्या म्हाताऱ्या ड्रायव्हरने पत्ता दिला. बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्यामागे एक पत्र्याची शेड होती. दारावर रंगाने लिहिलं होतं, 'जुने पार्ट परत मिळतील'. गॅरेजचं नाव नाही, काही नाही. आत एक मिस्त्री एकटाच काम करत होता. वय सांगता येऊ नये असा चेहरा, आणि हात मात्र इतके स्वच्छ की गॅरेजात ते बघून कसंसंच व्हावं. भिंतीवर पाने ओळीने टांगलेले. जमिनीवर ऑइलचा एक डाग नाही. रांगेत गाड्या उभ्या होत्या, पण गिऱ्हाईक एकही नव्हतं. पुढेही चेकर तिथे कितीदा गेला, त्याला दुसरं गिऱ्हाईक कधी भेटलं नाही.

मिस्त्रीने चेकरसमोर चाक उतरवलं, समोरच ब्रेक-शू बदलले, नट पान्याने आवळला आणि पाना चेकरच्या हातात दिला. "तुम्ही आवळून बघा." चेकरचे डोळे भरून आले असं म्हटलं तर तुम्ही हसाल, पण आले खरे. मग मिस्त्रीने झिजलेले ब्रेक-शू कापडात बांधून दिले.

"हे तुमचं तुम्ही न्यायचं. मी कुणाचं काही ठेवून घेत नाही. फक्त घरी एका जागी साठवू नका. वाटेत भंगारवाल्याला देऊन टाका."

"का हो?"

"वस्तू झिजते म्हणजे काय होतं साहेब? वापरणारा तिच्यात उतरतो. थोडा थोडा. एका ठिकाणी जमवू नये."

आता दुसरा कुणी असता तर मान डोलावून भंगारवाल्याकडे गेला असता. चेकरच्या डोक्यात भलताच किडा वळवळला. भंगारवाला याचा मेहुणाच असणार. चांगला पार्ट जुना म्हणून काढायचा, भंगारातून फिरवून पुन्हा दुसऱ्याला लावायचा. म्हणे माणूस उतरतो! तो कापडाची पुरचुंडी घेऊन सरळ घरी आला.

घरामागे एक अडगळीची खोली होती. तिथे त्याने ब्रेक-शू रॉकेलने पुसून ठेवले. मग जशी गाडी जुनी होत होती तशी भर पडत गेली. चेन, क्लचची वायर, प्लग, मडगार्ड. सगळं परत आलं का हे ताडून बघायचं म्हणून तो पार्ट जमिनीवर जिथले तिथे मांडायचा. पुढचं पुढे, मागचं मागे. बायको डोकावून म्हणाली, "अहो, ही काय मोटरसायकल झोपवून ठेवलीये का?"

"नीट मांडलं की काय कमी आहे ते कळतं."

"धन्य आहे तुमची," म्हणून ती गेली.

गाडी मात्र लोण्यासारखी चालायला लागली. लेक पुन्हा मागे बसायला लागली, गुणगुणायला लागली. मिस्त्रीने चेकरच्या मुठींनी घासून गुळगुळीत झालेल्या ग्रिप बदलल्या, टाचेने झिजलेले फुटरेस्ट बदलले, त्याच्याच बैठकीने खड्डा पडलेली सीट बदलली. प्रत्येक वेळी चेकरला अंगावरचं काहीतरी उतरल्यासारखं हलकं वाटायचं. झोप चांगली लागायला लागली. पट्ट्यावरून रिकामी घरं असलेली दोन पाकिटं त्याच्या डोळ्यांदेखत पुढे गेली आणि त्याला काहीच वाटलं नाही. एके सकाळी लेक म्हणाली, "बाबा, तुम्ही हल्ली मला घट्ट धर म्हणून सांगतच नाही." तो नुसता हसला. सांगायचं असतं हे त्याला आठवलंच नव्हतं.

कोपऱ्यावरच्या दुकानदाराने त्याला एकदा विचारलं, "नवीन राहायला आलात का इकडे?" कारखान्याच्या वॉचमनने पास मागितला, फोटो पाहिला, तोंड पाहिलं आणि बराच वेळ दोन्हींकडे आळीपाळीने पाहत राहिला. चेकरने ते हसण्यावारी नेलं. बायकोही जेवताना त्याच्याकडे अधूनमधून बघायची आणि काहीतरी विसरल्यासारखी पुन्हा ताटात बघायची. हे मात्र त्याला लागलं.

मग एके दिवशी मिस्त्रीने गाडी पुसता पुसता हात थांबवला. हँडलखाली चॅसीला बारीक तडा गेला होता.

"ही बदलावी लागेल. नाहीतर पोरीला घेऊन बसू नका."

पोरीचं नाव निघाल्यावर चेकर काय बोलणार? चॅसी बदलली. बाकीचं तर, इंजिनापासून टायरपर्यंत, आधीच बदललेलं होतं. मिस्त्रीने जुना सांगाडा हातगाडीवर चढवला आणि पहिल्यांदाच त्याचा आवाज जड झाला. "हे तरी घरी नेऊ नका. मी हात जोडतो."

चेकरने नेलं. अडगळीच्या खोलीत बाकीच्या पार्टांच्या मधोमध सांगाडा ठेवला तेव्हा मांडणी पुरी झाली. एकही पार्ट कमी नव्हता. त्याला फार समाधान वाटलं.

दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी तो घरी आला तर बायको दारात चक्रावून उभी. "तुम्ही मघाशीच आलात ना? मी गाडीचा आवाज ऐकला. जुना आवाज, तो खरखरणारा. चहासुद्धा टाकला."

"शेजारचा कुणी असेल," चेकर म्हणाला. चहाचा कप ओट्यावर होता. कुणीतरी तो पिऊन पालथा घातला होता. पिऊन झालेला कप पालथा घालून खाली थेंब राहतोय का बघायची खोड त्या घरात एकालाच होती, आणि तो तर आत्ताच दारातून आला होता.

तो अडगळीच्या खोलीत धावला. जमीन रिकामी. मधोमध ऑइलचा ताजा डाग, आणि डागापासून दारापर्यंत टायरची एक रेघ.

पाचावर धारण बसणं म्हणजे काय ते चेकरला त्या क्षणी कळलं. तसाच उलट पावली तो मिस्त्रीकडे गेला. मिस्त्री हात धूत होता.

"पार्ट गेले," चेकर म्हणाला.

"गेले नाहीत. उठले." मिस्त्रीने हात पुसले. "सांगितलं होतं, साठवू नका. माणसाला लोक कशावरून ओळखतात, साहेब? त्याच्या खोडीवरून, कुरकुरीवरून, त्याच्या झिजेवरून. ती सगळी तुम्ही स्वतःच्या हाताने एका ठिकाणी मांडलीत. तुमच्याकडे आता राहिलं काय? नवं कोरं सामान."

"तुम्ही मला फसवलंत."

"मी? एक नट तरी ठेवून घेतला का तुमचा?"

चेकरला जन्मात पहिल्यांदा खात्रीचा माणूस भेटला होता, आणि त्याचंच तेवढं ऐकलं नव्हतं. तो कसाबसा म्हणाला, "काही उपाय?"

"त्याला काय हवं असेल तिथे आधी पोचा."

त्याला काय हवं असणार? हे सांगायला मिस्त्री कशाला हवा होता. लेकीची चित्रकलेची शिकवणी सुटायची वेळ झाली होती. चेकरने गाडी अशी हाणली की आयुष्यात कधी हाणली नव्हती. नवी गाडी, नवे ब्रेक, कुठे कुरकुर नाही. शिकवणीच्या फाटकाशी बाई कुलूप लावत होत्या.

"ती गेली की तिच्या बाबांबरोबर. आत्ताच." बाईंनी त्याला खालून वर न्याहाळलं. "तुम्ही कोण?"

घराकडच्या रस्त्याला लागल्यावर त्याला ते पुढे दिसले. जुनी गाडी, खड्डा पडलेली सीट, तिच्यावर किंचित डावीकडे कलून बसलेली त्याचीच पाठ. मागे लेक. तिने दोन्ही हातांनी त्याच्या कमरेला मिठी घातली होती. गाडी सावकाश चालली होती. प्रत्येक खड्डा चुकवत, वळणावर पाय टेकवत, दोन्हीकडे बघत. चेकर मागून जीव खाऊन हॉर्न वाजवत होता आणि ती पाठ काही वळत नव्हती. खरं सांगायचं तर इतकं जपून त्या पोरीला दुसऱ्या कुणी नेलंच नसतं. हे त्यालाही दिसत होतं, आणि त्याने त्याचा जीव आणखीच कासावीस झाला.

तो पोचेपर्यंत दोघं आत गेले होते. जुनी गाडी भिंतीशी टेकवलेली, इंजिन अजून गरम. चेकरने दार ठोठावलं. आतून पावलं आली, दार फटीएवढं उघडलं, मधे साखळी. फटीत लेकीचा अर्धा चेहरा, हनुवटीवरची ती पांढरी रेघ.

"बाळा, मी आहे."

तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. घाबरली नाही. अनोळखी माणसाशी कसं बोलायचं हे तिला घरी चांगलं शिकवलेलं होतं.

"कोण हवंय तुम्हाला?"

"अगं, मी. मी बाबा."

तिच्या कपाळावर आठी पडली. तिने मान आत वळवून हाक मारली, "बाबा, कुणीतरी आलेत. काहीतरीच बोलताहेत."

"दार लाव," आतून आवाज आला. चेकरचा आवाज. थकलेला, चिरका, आणि काळजीने भरलेला. चेकरला स्वतःच्या गळ्यातून तसा आवाज काढायचा होता. त्याने तोंड उघडलं, पण जे निघालं ते गुळगुळीत, परक्याचं होतं.

दार बंद झालं. आत कडी सरकली.

"वरची पण लावलीस?"

"लावली, बाबा."

"ओढून बघितलीस?"

दार आतून एकदा हललं. मग पुन्हा एकदा.

"बघितली," लेक म्हणाली. "आता कुणी आत येऊ शकत नाही."