मुक्या टीव्हीवरची मॅच

नामाजीनं टीव्हीवर सोलापुरी चादर टाकली, चारही कोपरे नीट खोचले आणि वर गणपतीची तसबीर ठेवली. आता तो टीव्ही बऱ्यापैकी देव्हाऱ्यासारखा दिसत होता.

"आबा, देवाला वायर असती का?" दीपमाला म्हणाली.

"तू गप. आज कुणी आवड इचारली तर भरतकाम सांगायचं. हे बी स्थळ हुकलं तर समद्या कॅसेटी जवळ्याच्या येत्या बाजाराला नेतो. इकून मोकळा होतो, सांगून ठेवतो."

"बराबर हाय," दीपमाला म्हणाली आणि टेपमध्ये नवे सेल घातले.

कॅसेटी तिच्या मावसानं औरंगाबादहून आणल्या होत्या. तिथल्या कारखान्यातला एक गोरा साहेब मायदेशी जाताना व्हीसीआर आणि कॅसेटींचा खोका त्याच्याकडे टाकून गेला. व्हिडिओच्या कॅसेटींवर बास्केटबॉलच्या जुन्या, गाजलेल्या मॅची होत्या आणि साध्या कॅसेटींवर तीनशे वर्षांपूर्वीचं युरोपातलं गाणं. घराजवळ वीज पडली त्या दिवसापासून नामाजीचा टीव्ही मुका झाला होता. म्हणून दीपमाला मॅच टीव्हीवर लावायची आणि गाणं टेपवर. पुढं नामाजीनं आवाज दुरुस्त करायला माणूस आणला, तर तिनं त्याला चहा पाजून परत पाठवलं.

पहिल्या स्थळानं मॅच पाहून विचारलं, पोरगी पण अशा चड्डीवर खेळते का. दुसऱ्यानं गाणं ऐकून विचारलं, घरात कोण वारलं. तिसऱ्यानं काहीच विचारलं नाही. कळवतो म्हणाले होते, ते अजून कळवत होते.

सेनगावकडची जीप दारात थांबली. मुलगा शिवहार, त्याची आई अनुसयाबाई आणि बोलणी करायला आणलेला मामा ग्यानबा असे तिघं उतरले. शिवहार खाटेच्या अगदी कडेला बसला. जीप सुटलीच तर धावत पकडता यावी असा.

"पोरगं शिकून राहिलं," मामानं सुरुवात केली. "शेरडं-मेंढरं हायेत, सोयाबीन हाय. कशाची तकलीफ न्हाई."

चुलीपाशी दीपमालाच्या आईनं चहा टाकला. अनुसयाबाईनं दीपमालाला जवळ बसवलं.

"तुला काय आवडतं, माय?"

"भरतकाम," नामाजी म्हणाला.

"तुमाला न्हाई इचारलं, पाव्हणं."

"जुन्या मॅची बघायला आणि जुनं गाणं ऐकायला," दीपमाला म्हणाली. "दावू?"

उत्तराची वाट न पाहता तिनं गणपती उचलून नामाजीच्या हातात दिला. आता तो खाली कुठं ठेवावा हे न सुचून नामाजी तसाच उभा राहिला.

तिनं चादर ओढून काढली आणि मॅच लावली. लाल विरुद्ध पांढरे. टेपवर बाई गाऊ लागली. तिच्या मागं बाजाच्या पेटीची कुणी दूरची बहीण वाजावी तसं काहीतरी वाजत होतं. मामानं घसा साफ केला.

"तर देण्याघेण्याचं..."

"थांब रे जरा," अनुसयाबाई म्हणाली. "त्या टोपलीला बूड काहून न्हाई?"

"बूड असतं तर एका चेंडूतच खेळ संपला असता."

हे अनुसयाबाईला पटलं. थोडा वेळ तिनं गाणं ऐकलं.

"ही बाई तीच ओळ परतून काहून म्हणती?"

"पहिल्यांदा लिहून दिल्यासारखी म्हणती. दुसऱ्यांदा स्वतःच्या मनानं."

"म्हंजे सुनंवानी," अनुसयाबाई म्हणाली आणि पदर खोचून सरसावून बसली.

पांढरे मागं होते म्हणून तिनं पांढरे धरले. पांढरे हळूहळू चढू लागले, तशी तीही चढू लागली.

"आरं, त्या बुटक्याला दे की! मोकळा उभा हाय!"

तो बुटका सव्वासहा फुटांचा होता. पण चेंडू त्यालाच मिळाला आणि जाळीत पडला, नेमका बाईनं वरचा सूर गाठला तेव्हा. अनुसयाबाईनं मामाच्या गुडघ्यावर थाप मारली. देण्याघेण्याचं तिथंच राहिलं.

शेवटची दोन मिनिटं उरली. लाल एका गुणानं पुढं. आणि लाइट गेली.

पडदा काळा झाला. बाई गातच राहिली.

"हिला लाइट लागत न्हाई व्हय?" मामानं विचारलं.

"ती सेलवर हाय."

"त्ये जाऊ द्या," अनुसयाबाई म्हणाली. "जिंकलं कोण?"

नामाजीनं हातातला गणपती छातीशी धरला. मॅच त्याला पाठ होती. खरं सांगावं तर स्थळ जाईल. खोटं सांगावं तर आज ना उद्या लाइट येणारच होती.

"तुमचे पांढरे हरतेत," दीपमाला म्हणाली.

कॅसेटची बाजू संपली. टेपचं बटण खट्‌दिशी वर आलं.

"तुला आधीच ठाऊक व्हतं?"

"तीन वर्सं झाली. मी बी पांढऱ्यांकडूनच हाय."

"आन् तरी बघतीस?"

"दर ऐतवारी."

अनुसयाबाईनं मुलाकडं पाहिलं. "आमचा शिवहार बारावीला तीन डाव बसला."

मामाला खोकल्याची उबळ आली.

"चौथ्यांदा फारम भरून राहिला. गाव हासतंय. म्हनलं, लपवायचं कशाला."

बाहेर जीपवाल्यानं हॉर्न वाजवला. मामा सुटका झाल्यासारखा उठला.

"चला, रामराम. आमी कळवतो."

शिवहार उठला नाही. त्यानं चपला खाटेखाली सारल्या, पाय वर घेतले आणि मांडी घातली. आल्यापासून तो पहिल्यांदाच बोलला.

"हरतेत ते समजलं. कसं हरतेत ते बघायचंय."

दीपमालानं त्याच्याकडं पाहिलं. तोवर पाहायचं राहूनच गेलं होतं. मग ती उठली आणि सगळ्यांदेखत अंगणात जीपपाशी गेली.

"पाव्हणे निघून राहिले ना?" जीपवाल्यानं विचारलं.

"थांबतेत. मॅचची दोन मिनिटं राहिलीत."

जीपवाल्यानं इंजिन बंद केलं.

त्या खेळातली दोन मिनिटं अर्धा तास पुरतात आणि गेलेली लाइट दिवस मावळल्याशिवाय येत नाही, ही दोन्ही गणितं नामाजीला पक्की ठाऊक होती. चुलीकडं वळून त्यानं बायकोला एवढंच सांगितलं,

"पीठ जास्त मळ."