त्रेसष्ट रेघा

अनुसयाबाईने दोन्ही हातांवर फिरवत पुरणाचा मांडा मोठा केला आणि उपड्या खापरावर टाकला. कडेला तो फाटला. तिने फाटलेली कड बोटाने दाबली. बोट भाजले, तरी तिने ते लगेच काढले नाही.

आज आखाजी, अक्षय्य तृतीया होती. प्रकाशा गावात सकाळपासून झाडांना झोके बांधलेले होते आणि माहेरी आलेल्या पोरी गौराईची गाणी म्हणत होत्या. अनुसयाबाईचा भाऊ तिला न्यायला तीन दिवसांपूर्वी गाडी घेऊन आला होता. तिच्या नवऱ्याने, गिरधर पाटलाने, त्याला ओट्यावरूनच परत पाठवले. पाहुणे यायचे होते. मांडे कोण करणार?

पाहुणा म्हणजे शहाद्याकडचा छगन पाटील. तो आपल्या सोळा वर्षांच्या मुलीची सुपारी फोडायला येणार होता. ती गिरधरची तिसरी बायको होणार होती. पहिली, फुलवंताबाई, सहा वर्षांत मूल झाले नाही म्हणून माहेरी धाडली गेली. अनुसयाबाईला या घरात नऊ वर्षे झाली होती, तिलाही मूल नव्हते. नवी आली की आपले अंथरूण कोठीच्या खोलीत जाणार, हे तिला सासूने आधीच सांगून ठेवले होते.

चुलीमागच्या भिंतीवर गेरूच्या रेघा होत्या. गिरधरने एकदा विचारले तेव्हा म्हशीचे दिवस मोजते, असे तिने सांगितले होते. आज सकाळी तिने त्रेसष्टावी रेघ ओढली.

कडब्याच्या खोलीतून कण्हण्याचा आवाज आला. तिने मान वळवली नाही. कणकेचा दुसरा उंडा घेतला.

चार वर्षांपूर्वी सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा घ्यायला गेलेला गिरधर कुत्रा घेऊन आला होता. लांब तोंडाचा, उंच पायांचा, सशामागे सुटला की नजरेत न मावणारा. त्याचे नाव बहादूर. त्याच्या जोडीला मग हरणी ही कुत्री आणली. दोघांची पिल्ले निघाली की तालुक्यात तसली कुत्री दुसऱ्या कुणाकडे नसणार, असे तो येईल त्याला सांगे.

हरणी पहिल्यांदा माजावर आली तेव्हा त्याने भटजीला विचारून मुहूर्त काढला. दुसऱ्यांदाही काढला. दोन्ही वेळा मुहूर्त रक्त दिसू लागल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशीच निघाला आणि दोन्ही वेळा हरणीने बहादूरला चावून हाकलले. शिव्या खाल्ल्या त्या कुत्री सांभाळणाऱ्या रायसिंगने. रायसिंग तोरणमाळच्या डोंगरातला. तिसऱ्या माजाला त्याने कुणाला विचारले नाही. रक्त फिके, पाण्यासारखे होईपर्यंत तो थांबला. बाराव्या दिवशी हरणीने आपणहून शेपटी बाजूला केली. दोघे पाव तास जोडलेले राहिले. पुढे दोन महिने गेले, हरणीचे पोट सपाटच.

“माय, दिवस चुकना नही,” रायसिंग जमिनीकडे बघत अनुसयाबाईला म्हणाला होता. पुढचे त्याने बोलायचे नव्हते.

गिरधरने मात्र निकाल दिला. “वांझोटी शे. डोंगरमा सोडी दे तिले. वाघ खाई टाकी.”

रायसिंगने तिला गोठ्यातच ठेवून घेतले. हरणी चौथ्यांदा माजावर आली, ते पाहायलाही गिरधर गोठ्यात गेला नाही. शिवरात्रीला बारावा दिवस येत होता. तोरणमाळच्या यात्रेला निघालेल्या रायसिंगने कुत्रीला दोरी बांधली. अनुसयाबाईने त्याला भाकरी बांधून दिली.

“तुन्हा घर कुत्रा शे ना?”

“शे, माय.”

“मंग आखाजीना आदला दिन हिले परत आन.”

रायसिंगने मान डोलावली. कुत्रीचे दिवस त्रेसष्ट; शिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी तिने चुलीमागे पहिली रेघ ओढली.

छगन पाटील दुपारी आला. ओट्यावर पाट मांडले होते. त्याने उपरण्यातून नारळ काढून तबकात ठेवला. बहादूर खांबाला बांधलेला होता. गिरधर त्याच्या मानेवरून हात फिरवत शिकारीच्या गोष्टी सांगत होता. तेवढ्यात आतून एक बारीक चिरका आवाज आला, मग दुसरा.

“कुत्री जनी ऱ्हायनी का?” छगन पाटलाने विचारले. जन्मभर गुरे पाळलेला माणूस, त्याचे कान तिकडे आधी गेले.

“मन्हा घर कोन जनस?” असे म्हणत गिरधर उठला. छगन पाटील त्याच्या मागे गेला.

कडब्यावर हरणी आडवी पडली होती. तिच्या पोटाशी चार पिल्ले वळवळत होती. तिने पाचवे नुकतेच चाटून मोकळे केले होते. सगळी पिल्ले आखूड तोंडाची, दाट केसांची, काळी-तांबडी. अनुसयाबाई पिठाच्या हातांनी दारात येऊन उभी राहिली.

“हिले कोन लई उनं?”

“मी आनाले लावं,” ती म्हणाली.

“कुत्रा कोना?”

“मन्हा, पाटील,” हरणीपाशी बसलेला रायसिंग उठत म्हणाला.

गिरधरने कोपऱ्यातली काठी उचलली. रायसिंग हलला नाही. अनुसयाबाई दोघांच्या मधोमध येऊन उभी राहिली. इतक्या जवळ, की काठी उगारायला जागाच उरली नाही.

“जात बुडाई दिनी!” गिरधर ओरडला. “बहादूरसारखा कुत्रा दारवर, आनि तुम्हीन डोंगरना कुत्राकडे गयात? अरे, सात कुत्र्या लायात मी त्याले! सात! गावोगावथून आन्यात. एक बी गाभन ऱ्हायनी नही. सातीच्या साती वांझोट्या! आनि हाई—”

हाई म्हणून त्याने काठी हरणीकडे केली. पाचवे पिल्लू तेव्हा आंधळेपणाने सडाकडे सरकत होते.

“सात?” छगन पाटलाने विचारले.

त्याने खांबाशी बांधलेल्या बहादूरकडे पाहिले. मग पिल्लांकडे. मग अनुसयाबाईकडे, बराच वेळ. तिने नजर खाली घातली नाही.

तो ओट्यावर गेला, तबकातला नारळ उचलून पुन्हा उपरण्यात बांधू लागला.

“छगन पाटील, मांडा तयार शेतस. सुपारी फोडनी शे आपले,” गिरधर मागून म्हणाला.

“मन्ही एकच आंडेर शे, पाटील, एकच पोर,” गाठ मारता मारता तो म्हणाला. मग गाडीवानाला हाक मारली, “जुप रे बैल.”

गाडी वळणाआड गेली. गल्लीतून झोक्यावरच्या पोरींचे गाणे ऐकू येत होते. गिरधर अंगणात उभा होता. काठी अजून त्याच्या हातात होती. ती त्याने बहादूरच्या पाठीत घातली. कुत्रा केकाटून खांबाभोवती फिरला.

“रायसिंग! याले डोंगरमा सोडी दे. आत्तेना आत्ते. वाघ खाई टाकी.”

“ऱ्हाऊ द्या,” अनुसयाबाई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. “त्याना काय दोष शे?”

गिरधरने तिच्याकडे पाहिले. मग काठी खाली केली.

ती आत गेली. फाटलेला मांडा काढून तिने त्याचे दोन भाग केले. एक कोमट दुधात कुस्करून हरणीपुढे ठेवला. दुसऱ्यावर तूप घातले. मग बाहेर येऊन ती ओट्यावर, पाहुण्याच्या पाटावर बसली आणि अंगणात उभ्या असलेल्या नवऱ्यासमोर सावकाश जेवू लागली.